वेल्श भाषा आणि चित्रकाराचे अनुदान

पोर्ट टॅलबॉट हे नाव मुंबईच्या वाचकांस परके नाही. टाटांच्या मालकीच्या तेथील पोलाद कारखान्यातील अखेरची झोतभट्टी २०२४ च्या सप्टेंबरात विझली आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला, ही वार्ता येथील वृत्तपत्रांतही ठळकपणे आली होती. त्याच वर्षी त्याच वेल्स देशात आणखी एक काटछाट झाली. तिची दखल मात्र इकडे फारशी कोणी घेतली नाही. वेल्सच्या सरकारने तेथील कलापरिषदेचे वार्षिक अनुदान साडेदहा टक्क्यांनी उतरविले. पुस्तक परिषदेवरही तीच कुऱ्हाड पडली, आणि राष्ट्रीय संग्रहालयास नव्वद माणसे तरी कमी करावी लागली. पुढील वर्षी थोडीबहुत भर घातली गेली, परंतु तेवढ्याने गेलेली माणसे परत येत नाहीत. भट्ट्या विझत असता आणि रुग्णालयांपुढे रांगा लागल्या असता चित्रकारांना सरकारी पैसा कशासाठी, असे तेथील करदात्याने विचारले तर त्यास निर्बुद्ध म्हणता येणार नाही. त्याला उत्तर मिळाले पाहिजे. ते उत्तर वेल्सपुरते तरी भाषेच्या प्रश्नातून जाते, असे आम्हांस वाटते.

१९११ च्या खानेसुमारीत वेल्श बोलणारे सुमारे ९ लाख ७७ हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या ४३ टक्क्यांहून अधिक. २०२१ च्या खानेसुमारीत ते ५ लाख ३८ हजारांवर, म्हणजे १७.८ टक्क्यांवर आले. या एकशेदहा वर्षांत प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १९६२ मध्ये साँडर्स ल्यूइस यांनी नभोवाणीवर भाषेच्या भवितव्यावर जे व्याख्यान दिले, त्याने एक पिढी जागी झाली. १९६७, १९९३ व २०११ साली कायदे झाले. ग्विन्व्होर एव्हन्स यांनी १९८० मध्ये प्राणांतिक उपोषणाचा इशारा दिला, तेव्हा १९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाणी सुरू झाली. (उपोषणाचे हे शस्त्र आमच्या वाचकांना कोठून आले ते सांगावयास नको.) आणि २०१७ मध्ये सरकारने संकल्प सोडला की, २०५० पर्यंत वेल्श भाषिकांची संख्या दहा लाख करावयाची. त्याआधी, २०१५ च्या भावी पिढ्यांच्या कल्याणाच्या कायद्यात राष्ट्राची सात उद्दिष्टे घालून दिली होती. त्यांतील एक उद्दिष्ट संस्कृतीच्या चैतन्याचे व वेल्श भाषेच्या भरभराटीचे, दोन्हींचे मिळून एकच आहे. कला आणि भाषा यांस कायद्याने एका दावणीला बांधावयाचे आणि अंदाजपत्रक करताना कलेची वैरण तोडावयाची, हा व्यवहार आम्हांस समजत नाही.

यावर चित्रकलेच्या बाबतीत एक आक्षेप येतो, आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे. कादंबरी वेल्शमध्ये लिहिली जाते, नाटक वेल्शमध्ये होते. पण चित्राला भाषा कोठली? निळा रंग सर्व भाषांत निळाच. मग भाषेच्या नावावर चित्रकारास द्रव्य का द्यावे?

१९७७ च्या रेक्सम येथील आइस्तेद्वोद उत्सवात पॉल डेव्हिस या कलावंताने रुळांखालचा एक अवजड लाकडी स्लीपर दोन्ही हातांनी उचलून धरला. त्यावर इंग्रजीतील दोनच अक्षरे होती, ‘वेल्श नॉट’ या शब्दांची आद्याक्षरे. एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या अनेक शाळांतून वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात ही अक्षरे कोरलेली फळी अडकवीत. मग ते मूल, दुसरे कोणी वेल्श बोलले की त्याच्या गळ्यात ती घाली. शाळा सुटताना जिच्याकडे ती राही, त्या पोरास छडी. मुलांकडूनच मुलांवर पाळत ठेवविणारी ही युक्ती किती हिणकस होती, हे कधी काळी वर्ग घेतलेल्या आमच्यासारख्यांना अधिक बोचते. त्या फळीवर पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु तिचा भार प्रेक्षकांस खांद्यांत जाणवावा, हे काम एका मूक ओंडक्याने केले. चित्रशिल्पाला भाषा नसते हे खरे. भाषेवर काय गुदरले हे मात्र ते सांगू शकते.

दुसरे उदाहरण सौम्य आहे. अँगल्सी बेटावर जन्मलेले चित्रकार किफिन विल्यम्स यांनी जवळजवळ तीस वर्षे लंडनच्या एका शाळेत चित्रकला शिकविली. १९६८ मध्ये त्यांना चर्चिल यांच्या स्मरणार्थ ठेवलेली शिष्यवृत्ती मिळाली आणि ते दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियात गेले. १८६५ साली दीडशेच्या सुमारास वेल्श माणसे आपली भाषा सुखाने बोलता यावी म्हणून तेथे जाऊन राहिली होती. त्यांच्या वंशजांची आणि त्या उजाड माळांची चित्रे विल्यम्स यांनी केली, ती आज ऍबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. हा पैसा सरकारी नव्हता, लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीचा होता. तथापि अनुदानाने काय साधते ते येथे दिसते. शाळामास्तराला काही महिन्यांची मोकळीक मिळाली, आणि एका विखुरलेल्या भाषिक समाजाचे चेहरे कायमचे नोंदले गेले.

आइस्तेद्वोदचा उल्लेख वर आला. आपल्या साहित्य संमेलनाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु त्याचा पसारा मोठा आहे. दर ऑगस्टच्या आरंभी हा उत्सव एक वर्ष उत्तरेत तर एक वर्ष दक्षिणेत भरतो, आणि त्याचा सर्व कारभार वेल्शमध्ये चालतो. काव्य व संगीत यांच्याबरोबर तेथे चित्रशिल्पांचे मोठे प्रदर्शन असते आणि ललित कलेचे सुवर्णपदकही दिले जाते. या प्रदर्शनात वेल्श माणसे चित्रांविषयी वेल्शमध्ये भांडतात, हा आमच्या मते त्याचा खरा लाभ. स्वयंपाकघर आणि प्रार्थनामंदिर एवढ्यातच वावरणारी भाषा हळूहळू आक्रसते. रंग, रेषा, अवकाश यांविषयी मत मांडावयास तिचा उपयोग होऊ लागला की ती प्रौढ माणसांच्या कामाची राहते. मराठीस २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला याचा आनंद आम्हांसही झाला. पण मुंबईच्या एखाद्या चित्रप्रदर्शनाचे माहितीपत्रक उघडून पाहावे आणि त्यात मराठीची एक ओळ तरी सापडते का, हे वाचकांनीच ठरवावे. आठ कोटींची ही अवस्था, तर पाच लाखांची काय कथा!

आता पैसा कसा वाटला जातो ते पाहू. ब्रिटनमध्ये १९४६ साली कलापरिषद स्थापन झाली, ती अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या कल्पनेतून. हे गृहस्थ उमेदीच्या काळात इंडिया ऑफिसात नोकरीस होते आणि त्यांचे पहिले पुस्तक हिंदुस्थानच्या चलनावर आहे. सरकारने पैसा द्यावा, पण तो कोणास द्यावा हे मंत्र्याने ठरवू नये, हे त्या परिषदेचे सूत्र. १९९४ मध्ये वेल्सची परिषद स्वतंत्र झाली, आणि सूत्र तेच राहिले. तिच्या योजनांपैकी एक आम्हांस विशेष आवडते. सामान्य गृहस्थास चित्र विकत घ्यावयाचे असल्यास परिषद बिनव्याजी कर्ज देते, आणि तो ते हप्त्याहप्त्याने फेडतो. चित्रकाराला गिऱ्हाईक मिळते, चित्र कोणाच्या तरी बैठकीत लागते, आणि कोणावर उपकार झाल्याची भावना राहत नाही.

परंतु २०२३ मध्ये परिषदेने आपल्या अनुदानांची जी फेरतपासणी केली, तीत १३९ अर्जांपैकी ८१ संस्थांना दीर्घ मुदतीचे साहाय्य मिळाले. इंग्रजीतून काम करणाऱ्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेचे सुमारे सोळा लाख पौंडांचे वार्षिक अनुदान पूर्णपणे बंद झाले. वेल्श भाषेतील राष्ट्रीय नाट्यसंस्था तगली. पुढे पोर्ट टॅलबॉटमध्येच वाढलेल्या मायकेल शीन या नटाने २०२५ च्या जानेवारीत नवी संस्था जाहीर केली आणि आरंभीचा खर्च स्वतः सोसावयाचे ठरविले. निर्णयाचे कारण भाषा होते असे आम्ही म्हणत नाही. पण थैली आखडली की दोन भाषांची माणसे एकमेकांच्या ताटाकडे पाहू लागतात. वेल्श न बोलणारे चारपंचमांशांहून अधिक आहेत आणि तेही कर भरतात. त्यांच्या मनात भाषेविषयी असूया उपजली, तर दहा लाखांचा संकल्प कागदावरच राहील.

त्या फेरतपासणीसाठी ठरविलेल्या सहा तत्त्वांत वेल्श भाषा हे एक होते. तत्त्व योग्यच आहे. भीती वाटते ती त्याच्या अंमलाची. अर्जातील रकाना भरण्यासाठी चित्राखालच्या पाटीचे भाषांतर केले आणि भाषेची सेवा झाली असे मानले, की कारकुनाचे समाधान होते. भाषेस त्यातून एकही बोलणारा मिळत नाही. ग्विनेद परगण्यात, ल्लीन द्वीपकल्पाच्या खेड्यांत, वेल्श अजून बाजारात ऐकू येते. तेथील घरे बाहेरचे लोक सुटीसाठी विकत घेतात, किंमती चढतात आणि तरुण निघून जातात. याच द्वीपकल्पावरील ल्लानबेड्रॉग येथे जुन्या वाड्यात एक नामवंत चित्रदालन आहे. समकालीन कलेच्या नव्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी राजधानीत एकच प्रासाद न उभारता देशभरच्या नऊ दालनांनी मिळून ते चालवावे असे ठरले, त्या नवांत हे एक आहे. ही योजना शहाणपणाची आहे. पण दालनाच्या आसपास राहण्यास चित्रकारच उरला नाही, तर भिंतींवर दुसरीकडची चित्रे तेवढी येत राहतील. तेथे राहून, तेथल्या भाषेत संसार करून काम करणाऱ्या चित्रकारास दोनतीन वर्षांचे निर्वाहवेतन द्यावे आणि चित्राचा विषय त्यावर लादू नये, असे आमचे मत आहे. शेजारच्या आयर्लंडने २०२२ पासून दोन हजार कलावंतांना आठवड्यास ३२५ युरो दिले, ते कोणत्याही विशिष्ट कृतीची अट न घालता. आयर्लंडास जे परवडले ते वेल्सच्या सरकारला तेवढ्या प्रमाणात परवडणार नाही, कारण त्याची तिजोरी बव्हंशी लंडनहून येणाऱ्या रकमेवर चालते. म्हणून आरंभ लहान करावा. ग्विनेद, अँगल्सी, केरेडिजियन व कारमार्थेन या चार वेल्शभाषी भागांपुरती अशी योजना आखावी, आणि तिची रक्कम संस्थांच्या अनुदानातून न काढता भाषाविषयक खात्याने परिषदेच्या हवाली करावी. कोणास द्यावयाचे ते परिषदेने ठरवावे. खात्याने वर्षअखेर हिशेब मागावा, चित्रे मागू नयेत.