१९४४ चा विजय नेमका कुणाचा?

‘मुस्लिमांनी हिंदूंना एक गडी राखून हरवले.’ १९४४ च्या पेंटँग्युलर स्पर्धेच्या अंतिम सामन्याबद्दल एवढी एकच ओळ आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून फिरते. खाली ‘माशाअल्लाह’चा पाऊस पडतो. ओळ खरी आहे, पण अपुरी आहे. माझा आक्षेप या अपुरेपणाला आहे.

सामना खरोखरच जबरदस्त होता. ब्रेबॉर्न स्टेडियम, हिंदू संघाचे कप्तान विजय मर्चंट, मुस्लिम संघाचे मुश्ताक अली. चौथ्या डावात मुस्लिम संघाला २९८ धावा हव्या होत्या. एका बाजूने गडी पडत गेले, नऊ बाद झाले. दुसऱ्या बाजूला मुंबईचे के. सी. इब्राहिम सलामीला येऊन शेवटपर्यंत उभे राहिले, नाबाद १३७. सामना संपल्यावर मर्चंट स्वतः मुस्लिम संघाच्या खोलीत गेले आणि त्यांनी मुश्ताक अलींचं अभिनंदन केलं. फिरणाऱ्या मेसेजमध्ये ही भेट कधीच नसते.

आता स्पर्धेबद्दल. १९१२ पासून मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ खेळत. १९३७ मध्ये उरलेल्यांसाठी ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला. धर्मावर संघ पाडायला गांधीजींनी १९४० मध्ये जाहीर विरोध केला. १९४६ मध्ये स्पर्धा कायमची बंद झाली. काहीजण म्हणतात, तेव्हा निदान आपला हक्काचा संघ तरी होता. मला हे पटत नाही.

कारण ‘आपला’ म्हटल्या जाणाऱ्या संघाच्या आतही दारं बंद असतात. पळवणकर बाळू हे आपल्या काळातले मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज. हिंदू संघासाठी घाम गाळला, पण जातीमुळे कप्तानपद त्यांना मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळालं. याच बाळूंनी १९३७ ची निवडणूक आमच्या भायखळा-परळ भागातून डॉ. आंबेडकरांविरुद्ध लढवली होती.

दुसरं कारण त्याच खेळाडूंचं आहे. रणजी स्पर्धेत इब्राहिम आणि मर्चंट दोघेही मुंबईचे. मुश्ताक अली इंदूरच्या होळकर संघात, सी. के. नायडूंच्या हाताखाली. मार्च १९४५ मध्ये, म्हणजे त्या अंतिम सामन्यानंतर काही महिन्यांतच, रणजीच्या अंतिम फेरीत मुंबई आणि होळकर समोरासमोर आले. मर्चंट यांनी २७८ धावा केल्या, मुश्ताक यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. माणसं तीच, ईर्षा तीच; फक्त ‘आपण’ आणि ‘ते’ यांची वाटणी वेगळी. पुढे इब्राहिम भारताकडून वेस्ट इंडीजविरुद्ध चार कसोटी खेळले. नंतर ते कराचीला गेले आणि २००७ मध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला. म्हणून त्यांचे १३७ मुंबईच्या खात्यातून वजा होतात का?

हा प्रश्न मला शिक्षक म्हणून पडतो. भोईवाड्यात मी उर्दू आणि मराठी शिकवतो. भारत-पाकिस्तान सामना आला की आमच्या मुलांना कुणीतरी विचारतंच, ‘तू कुणाच्या बाजूने?’ फटाके वाजवले तरी संशय, गप्प बसलं तरी संशय. असं विचारणाऱ्यांच्या डोक्यातली पेंटँग्युलर अजून बंद झालेली नाही. पण ‘आपण त्यांना हरवलं’ म्हणून जुना स्कोअर मिरवणारेही त्याच मैदानात उभे आहेत, हे आपणही मान्य करायला हवं.

इब्राहिम यांची खेळी मुलांना जरूर सांगा, अभिमानाने सांगा. मर्चंट यांची भेट, बाळूंना न मिळालेलं कप्तानपद आणि होळकरचे मुश्ताक हेही त्याच दमात सांगा. मग ‘कुणाच्या बाजूने?’ असं कुणी विचारलं, तर पोराला मान खाली घालावी लागणार नाही आणि आवाजही चढवावा लागणार नाही.