दप्तरातली आणि भात्यावरची आडनावे

इंग्रजांची आडनावे चाळू लागले की एखाद्या जुन्या पेठेतून फेरफटका मारल्यासारखे वाटते. स्मिथ म्हणजे लोहार, राइट म्हणजे सुतार, कूपर पिंपे बांधणारा आणि फ्लेचर बाण घडवणारा. फार काय, विणलेले कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्या एकाच कारागिराला उत्तरेत वॉकर, दक्षिणेत फुलर आणि नैर्ऋत्येच्या परगण्यांत टकर म्हणत, तो प्रादेशिक भेदसुद्धा त्यांनी आडनावांत शाबूत ठेवला आहे. १३७७ ते १३८१ या काळात तिकडे तीनदा डोईपट्टी बसली. तिच्या याद्यांत ही नावे ढिगाने सापडतात. पुढे धंदे सुटले, नावे तेवढी राहिली. टाचणीच्या कारखान्याचा दाखला देऊन श्रमविभागणी समजावणाऱ्या ॲडम स्मिथचे वडील जकात खात्यात अंमलदार होते, आणि स्मिथ म्हणवतो म्हणून त्याला कोणी भात्यापाशी बसवले नाही.

आपल्या नगर जिल्ह्यातील गावांची मतदारयादी पाहावी, तर तिथे जमाबंदी आणि वसुलीचा सारा सरंजाम उभा असतो: कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, पाटील, चौगुले, पोतदार. कारखानीस हे आडनाव ऐकून ऐरण आठवते खरी. परंतु गडावरचा कारखानीस हा धान्य आणि सामानाच्या कोठारांचा हिशेब ठेवणारा दरकदार, हातोड्याशी त्याचा संबंध नोंदीपुरताच. आपली आडनावे, माझ्या मते, हुकमाची आणि लेखणीची स्मृती जितक्या निष्ठेने वाहतात, तितक्या निष्ठेने हाताची वाहत नाहीत.

वास्तविक हात काही कमी कुशल नव्हता. बैलगाडीचे चाक घ्या. सुताराने तुंबा, आरे आणि घेर जुळवून ठेवावा, लोहाराने लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आरात लालबुंद तापवून सांडशीने त्या घेरावर बसवावी, आणि लाकूड पेट घेते न घेते तोच वरून पाणी ओतावे, म्हणजे ती आक्रसून अशी घट्ट बसते की वर्षानुवर्षे हलत नाही. चाके, छकडे आणि मोठ्या गाड्या करणाऱ्यांना इंग्लंडात व्हीलर, कार्टराइट, वेनराइट अशी निरनिराळी नावे मिळाली. इकडे नांगर, पाभर, चौकट आणि पाळणासुद्धा करणारा माणूस बलुत्याच्या पेंढ्यांवर अवघ्या गावाचा ‘सुतार’ राहिला, आणि ते नाव धंद्याचे न राहता जातीचे झाले.

शहरात, जिथे गिऱ्हाईक पुष्कळ, तिथे मात्र नावे बारीक झाली. नगरच्या मुसलमान घरांत आजही आतार, तांबोळी, मणियार, पिंजारी, शिकलगार, बागवान ही आडनावे सर्रास भेटतात, आणि स्मिथ-टेलरांची खरी भावंडे शोधायची तर ती येथेच शोधावीत. ज्या शहरात निजामशाहीच्या अमदानीत, १५४९ मध्ये, रूमीखानाने मुलूखमैदान तोफ ओतली, त्या शहराच्या तोफखाना भागात त्या धंद्याचे नाव अजून नांदते आहे. रूमीखानाचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. मुशी तापवणारे कोण होते, ते कोणी सांगत नाही.

परगणे आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली; पण कुलकर्णी आणि पाटील ही आडनावे ताठ मानेने चालू आहेत, आणि अभियंता झालेल्या कुलकर्ण्याला त्याच्या आडनावाचा खुलासा कोणी मागत नाही. लोहार, कुंभार, परीट या आडनावाच्या मुलाला मात्र नोकरीच्या पहिल्याच दिवशी नजरेने तो मागितला जातो. म्हणून कोणी राजपत्रात जाहिरात देऊन गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून घेतले, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार मला पोचत नाही. दोष विचारणाऱ्याच्या नजरेचा आहे. तेरच्या गोरोबांना आपण गोरा कुंभार म्हणतो आणि पंढरपूरच्या नरहरींना नरहरी सोनार, तेव्हा हात जोडले जातात. तोच शब्द शाळेच्या पटावर आला की भुवया का चढाव्यात, हे मला तरी उमगलेले नाही.

एक काम मात्र तातडीने करण्याजोगे आहे. येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. त्यात जिथे जिथे गवंडी, ओतारी, सुतार, कोष्टी यांची नावे मजुरीच्या वा बलुत्याच्या नोंदीत आली असतील, तेवढी वेचून, गावनिहाय लावून, देवनागरीत छापावीत. वतनदारांच्या वंशावळी आपण पुष्कळ छापल्या.