कॉलेज निवडताना कटऑफबरोबर मेसही पाहा

बारावीचा निकाल लागतो, नीट आणि सीईटीचे गुण हातात येतात आणि आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. नंबर कुठे लागेल? कटऑफ किती, फी किती, शिष्यवृत्ती बसते का, गावाहून गाडी आहे का? हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना या यादीत एक प्रश्न नेहमी गैरहजर दिसतो. आपले मूल तिथे तीन-चार वर्षे कोणाबरोबर जेवणार, कोणाबरोबर खेळणार आणि रात्री ताप चढला तर कोणाचे दार ठोठावणार?

"तू फक्त अभ्यास कर, बाकीच्या भानगडीत पडू नको," असे पालक बजावून सांगतात. त्यामागची काळजी आम्हाला कळते. घरातले पहिलेच मूल कॉलेजात जात असते, कर्ज काढलेले असते, एक वर्ष वाया गेले तरी परवडणारे नसते. तरीही आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मैत्री, खेळ, गॅदरिंग, वाचनकट्टा या गोष्टी भानगडी नाहीत. विद्यार्थ्याच्या तब्येतीला त्यांची गरज असते. म्हणून अभ्यास आणि सहजीवन, दोन्ही तेवढ्याच कसोशीने तपासून कॉलेज निवडावे.

आमच्याकडे येणारे विद्यार्थी "एकटे वाटते" असे कधी म्हणत नाहीत. डोके दुखते, पोटात जळजळ होते, झोप लागत नाही, पाळी पुढे जाते असे सांगतात. अशा वेळी रक्त तपासलेच पाहिजे. ॲनिमिया असेल तर त्याचे औषध वेगळे. पण रिपोर्ट नॉर्मल आला आणि तक्रार तशीच राहिली, तर आम्ही विचारतो, "जेवतेस कोणाबरोबर?" पुष्कळदा त्या प्रश्नालाच मुलीचे डोळे भरून येतात. मेसमध्ये कोणी शेजारी बसत नाही, म्हणून ती जेवण खोलीवर नेते, कधी जेवतच नाही. मग ॲसिडिटी होणार नाही तर काय?

हे सगळे मुलांच्या लाजाळूपणावर ढकलून चालणार नाही. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींनंतर प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ साली तिचा अहवाल आला. भेदभाव फक्त वर्गात आणि परीक्षेत होतो असे त्यात आढळले नाही. वसतिगृह, मेस, खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रम इथेही या विद्यार्थ्यांना बाजूला पाडले जात होते. म्हणजे ज्याला आपण 'बाकीच्या भानगडी' म्हणतो, नेमक्या तिथेच जात हिशेब चुकता करते. मुंबईत २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरने जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तिच्या गुणवत्तेत काही कमी नव्हते. एमबीबीएस पूर्ण करून ती स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती.

बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला आपण मुलांना देतो. तो द्यायलाच हवा. पण त्याच कोलंबिया विद्यापीठात शिकताना ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहत होते. ती मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे पैशाच्या अडचणीतही कामी आली. दाखला देताना ही दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० साली औरंगाबादला ते महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. नागसेनवनात अभ्यासाबरोबर वसतिगृह होते, वादविवाद होते, नाटक होते. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक त्याच वातावरणातले. खेड्यापाड्यांतून आलेली पोरे तिथे पुस्तक वाचायला शिकली आणि चार लोकांत उभे राहून बोलायलाही शिकली.

दुसऱ्या टोकाबद्दलही बोलले पाहिजे. माहितीपत्रकावर डीजे, फॅशन शो आणि हिरवळीचे फोटो, पण प्रयोगशाळेला कुलूप आणि शिकवायला माणूस नाही, अशी कॉलेजेही कमी नाहीत. नर्सिंगमध्ये तर हा धोका मोठा आहे. मान्यता आहे का, स्वतःचे किंवा जोडलेले रुग्णालय कोणते, तिथे खरोखर पेशंट असतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. हात न लावता शिकलेली नर्स पुढे पेशंटच्याही जिवाला धोका आणि स्वतःच्या नोकरीलाही. आणि सामाजिक जीवन म्हणजे दारू, सिगारेट नव्हे. पंचशील होस्टेलच्या दारात काढून ठेवायचे नसते.

पर्यायांचा अर्ज भरण्यापूर्वी शक्य असेल तर पालकांनी मुलासह एक दिवस कॉलेजात जावे. ऑफिसात विचारण्याआधी मेसच्या दारात उभे राहावे आणि तिथे शिकणाऱ्या आपल्या दोन मुलांना गाठून पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. तास वेळेवर होतात का? प्रात्यक्षिके होतात की नुसते जर्नल उतरवून घेतात?
२. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते? मुलींनाही तेवढाच वेळ बसता येते का?
३. होस्टेलच्या खोल्या कशा वाटतात? आपली मुले एकाच मजल्यावर, एकाच कोपऱ्यात आहेत का?
४. मैदान आहे का आणि त्यावर खेळतात कोण? गॅदरिंगच्या समितीत आपले कोणी असते का?
५. १४ एप्रिलला जयंती कॉलेज साजरी करते की फक्त आपलीच मुले वर्गणी काढून करतात?
६. समान संधी कक्ष आणि रॅगिंगविरोधी समिती यांत कोण आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमावलीने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले आहे. भिंतीवर नुसता बोर्ड आहे म्हणून समाधान मानू नका.
७. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना फीसाठी वर्गात उभे करतात का?

सगळी उत्तरे मनासारखी मिळतील असे कॉलेज क्वचितच सापडेल. पण दोन कॉलेजांत चार-पाच गुणांचाच फरक असेल, तर जिथे शिकवणी चांगली आणि मूल माणसांत राहील, ते निवडा, असे आम्ही सांगू. नावाच्या मोहापायी मुलाला एकटे पाडू नका.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या पैशातून भाड्याने राहताना एकट्याने स्वस्त खोली घेण्यापेक्षा तिघांनी मिळून कॉलेजजवळ खोली घ्यावी. एक वेळचे जेवण तरी एकत्र करावे. पुढे कामाला येणारे नाते त्या ताटावर जुळते.

शांत स्वभावाच्या मुलाला गर्दीत ढकलू नका. त्याला एक कल्याणमित्र पुरेसा असतो. अर्धा धम्ममार्ग सन्मित्रांच्या संगतीत आहे, असे आनंदाने म्हटले तेव्हा तथागतांनी सांगितले की अर्धा नव्हे, संपूर्ण मार्गच त्यात आहे. संयुत्त निकायातील ही शिकवण वसतिगृहालाही लागू पडते.

प्रवेशानंतर फोनवर फक्त मार्क विचारू नका. झोप किती, जेवण कोणाबरोबर, रविवारी काय केले, हे विचारा. मूल फोन टाळू लागले, वजन उतरले, "माझ्याने होणार नाही" असे वारंवार म्हणू लागले, तर गाडी पकडून जा. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ वर करता येते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येते. हे दोन्ही नंबर आजच मुलाच्या मोबाईलमध्ये घाला.

आणि हे काम एकट्या आईबापांचे नाही. शहरातल्या प्रत्येक विहारात जूनपासून एक रविवार नव्या विद्यार्थ्यांसाठी ठेवावा, तिथल्या सीनियर मुलामुलींनी त्यांना भेटावे, आजारी पडल्यास कुठे जायचे ते सांगावे, एक वेळ जेवू घालावे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतींवर लिहितो. त्यातले 'संघटित व्हा' हे अठरा वर्षांचे पोर प्रथम मेसच्या बाकावर शिकते. तिथे त्याला जागा आहे की नाही, हे अर्ज भरण्याआधी पाहणे आपले काम आहे.

जय भीम!