वजनाच्या ऑपरेशननंतर पाळणा लांबवताना

पालकसभा संपली की एखादी आई मागे रेंगाळते. आधी मुलाच्या गणिताच्या गुणांबद्दल बोलते आणि मग आवाज खाली आणून भलताच प्रश्न विचारते. गेल्या वर्षभरात एकच प्रश्न आमच्याकडे तीनदा आला. एकदा नालासोपाऱ्याच्या एका भगिनीकडून, एकदा नायगावच्या, आणि तिसऱ्यांदा पत्राने. थोड्याफार फरकाने शब्द हेच होते : "टीचर, माझ्या नणंदेचं वजनाचं ऑपरेशन झालं. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून तर केलं. आता डॉक्टर म्हणतात दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नका. मग ऑपरेशन केलं कशाला?"

आम्ही शिक्षक, डॉक्टर नाही. पण प्रश्न तीनदा आला तेव्हा जाणकारांना विचारले, वाचले, आणि जे समजले ते इथे मांडत आहोत. लाजेने हा विषय घरात बोलला जात नाही आणि त्याची किंमत बाईच्या शरीराला मोजावी लागते, म्हणून थोडे स्पष्टच लिहितो.

वजनाचे ऑपरेशन आता आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलात आणले, तेव्हा घरोघरी टीव्हीवर तीच बातमी होती. पुढे आपल्या वसईच्याच एका बाईंचे वजन दोन शस्त्रक्रियांनंतर तीनशे किलोंवरून ८६ किलोंवर आल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. बातमीत किलोंचे आकडे येतात. त्यानंतरच्या वर्षभरात नवरा-बायकोने काय काळजी घ्यायची, ते कुठल्या बातमीत येत नाही.

सर्वांत आधी, ऑपरेशन कोणते झाले ते माहीत हवे. आम्ही विचारले तर तिघींपैकी एकीलाच नाव सांगता आले. मुख्य प्रकार दोन. पहिला स्लीव्ह : जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. दुसरा बायपास : जठराची लहानशी पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग गाळून पुढे जाते. पहिल्यात माणूस कमी खातो. दुसऱ्यात कमी खातो आणि खाल्लेलेही अंगी कमी लागते. पुढचे बरेचसे या एका फरकावर अवलंबून आहे, तेव्हा डिस्चार्ज कार्डवरचे नाव बघून ठेवा.

आता मूळ प्रश्न. ज्यांना पीसीओडी असते, वजन फार असते, त्यांच्या अंगातली चरबी संप्रेरकांचा हिशेब बिघडवते आणि बीज वेळेवर तयार होत नाही. वजन उतरू लागले की हा हिशेब सुधारतो, आणि तो फार लवकर सुधारतो. काही महिन्यांतच बीज सुटू लागते. जिला सहा वर्षांत दिवस गेले नाहीत, तिला ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिवस जाऊ शकतात. "अजून पाळीच नीट येत नाही, मग कशाला काळजी?" असे म्हणणाऱ्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बीज आधी सुटते, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पाळी न दिसताच दिवस जाऊ शकतात.

आणि नेमके तेच महिने शरीर उपाशी असते. चमच्या-चमच्याने खाणे चालू असते, वजन झपाट्याने उतरत असते, लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे सगळे गोळ्यांवर चाललेले असते. अशा वेळी पोटात बाळ वाढू लागले तर ते आईच्या हाडामांसातून घेणार, आणि तरी त्याला पुरेसे मिळेलच असे नाही. बाळ वजनाने लहान राहण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टर निदान बारा ते अठरा महिने, कुणी दोन वर्षेही, थांबायला सांगतात. वजन स्थिर व्हावे, रक्ताचे अहवाल जागेवर यावेत, मग बाळ.

हे सासूबाईंना कोण सांगणार, हा खरा अडचणीचा भाग. आमच्या मते हे काम शोहरचे आहे, बायकोचे नाही. तिने सांगितले तर "हिलाच मूल नको" असा अर्थ निघतो, मग शेजारपाजार, मग माहेर. मुलाने आईजवळ बसून "अम्मी, डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलंय आणि मीही थांबायचं ठरवलंय" एवढे म्हटले की निम्मे बोलणे तिथेच मिटते. फॉलोअपला सासूबाईंनाच सोबत नेले तर आणखी चांगले. डॉक्टरच्या तोंडून ऐकलेले वेगळे पटते.

एवढे करूनही मध्येच दिवस गेले तर घाबरून जाऊ नये आणि मनाने औषधही घेऊ नये. लगेच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर दोघांना कळवावे. नीट देखरेखीखाली अशी कितीतरी बाळंतपणे सुखरूप होतात.

आता साधनाची निवड. आपल्याकडे पाळणा लांबवणे म्हणजे गोळ्या, हे समीकरण पक्के आहे. पण इथेच सांभाळायचे. बायपासमध्ये आतड्याचा पहिला भाग गाळला जातो, त्यामुळे गोळीतले औषध रक्तात पुरेसे उतरेल याचा भरवसा नसतो. अमेरिकेतील सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था बायपाससारख्या ऑपरेशननंतर संततिनियमनाच्या गोळ्या सहसा देऊ नयेत असे सांगते. स्लीव्हमध्ये आतडे शाबूत असते म्हणून त्यांची तशी मनाई नाही. ब्रिटनमधील तज्ज्ञ मात्र वजनाच्या कुठल्याही ऑपरेशननंतर तोंडाने घ्यायच्या गोळीवर विसंबू नका, दुसरे साधन घ्या, असा सल्ला देतात. आम्हाला ब्रिटनवाल्यांचे पटते. स्लीव्हनंतरच्या पहिल्या महिन्यांत उलट्या होणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत, आणि गोळी पोटात ठरलीच नाही तर तिचा उपयोग काय? सरकारी आरोग्य केंद्रात मिळणारी 'छाया' ही लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली बिनसंप्रेरकी गोळी चांगली आहे, पण तीही गिळायचीच. तेव्हा तिच्याबद्दलही आधी डॉक्टरांना विचारावे.

गोळ्यांची आणखी एक बाजू आहे आणि ती ऑपरेशनच्या आधीची. पीसीओडीच्या कितीतरी मुली "पाळी नियमित करायच्या" म्हणून वर्षानुवर्षे ज्या गोळ्या घेतात, त्या संततिनियमनाच्याच असतात. त्यांना हे ठाऊक नसते. सर्जनने विचारले "काही औषध चालू आहे का?" तर त्या "नाही" म्हणून सांगतात. त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, वजन जास्त असताना आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याने पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे आधी त्या बंद करून दुसरे साधन सुरू करायला सांगतात. पाळीची असो, पुरळाची असो, चालू असलेली प्रत्येक गोळी पाकिटासह डॉक्टरांपुढे ठेवावी. उमरा-हजला जाताना पाळी पुढे ढकलण्यासाठी ज्या गोळ्या घेतल्या जातात त्यांनाही हेच लागू, त्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.

मग उरले काय? पुष्कळ उरते. तांबीचा पोटाशी, आतड्याशी काहीच संबंध नाही, ती गर्भाशयात आपले काम करते. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत बसवतात, प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे चालते आणि काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. "मूल नसलेल्या बाईला तांबी बसवत नाहीत" ही समजूत आम्ही सुशिक्षित घरांतही ऐकली. तशी मनाई नाही. अडचण एवढीच की तांबीने काहींना पाळीत रक्तस्राव वाढतो, आणि ऑपरेशननंतर लोह आधीच कमी पडत असते. हिमोग्लोबिन खाली असेल तर संप्रेरक असलेले गर्भाशयातले साधन बरे. त्याने रक्तस्राव उलट कमी होतो. खासगी दवाखान्यात ते खर्चिक पडते, पण पाच वर्षे किंवा त्याहून जास्त चालते.

या साधनात पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागत राहतात. डॉक्टरला ही किरकोळ गोष्ट वाटते, पण नमाज-रोजा पाळणाऱ्या बाईला ती किरकोळ नसते. हे हैज की इस्तिहाजा, नमाज पढायची की सोडायची, या गोंधळात काही भगिनी महिन्याभरात साधनच काढून टाकतात. आधी माहीत असले तर एवढी तगमग होत नाही. आपल्या नेहमीच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात आणि आपल्या मसलकच्या जाणकार आलिमांना विचारून घ्यावे. इस्तिहाजामध्ये नमाज माफ होत नाही, वुजूचे नियम तेवढे वेगळे असतात, आणि कोकणी शाफई घरांत व हनफी घरांत तपशिलात फरक पडतो.

'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शनही सरकारी केंद्रात मोफत आहे आणि आतड्याला वळसा घालून काम करते. पण दोन गोष्टी बघाव्यात. काहींचे वजन त्याने वाढते, आणि हाडांची घनता थोडी कमी होते. ज्या बाईचे कॅल्शियम आधीच नीट जिरत नाही तिने याचा विचार करावा. शिवाय शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात. ज्या घरात दीड वर्षानंतरचा प्रत्येक महिना मोजला जाणार आहे तिथे हे आधी सांगितलेले बरे. दंडाच्या कातडीखाली बसवायची बारीक कांडी तीन वर्षे चालते आणि काढली की परिणाम लवकर जातो. सरकारी कार्यक्रमात ती अलीकडे काही ठिकाणी येऊ लागली आहे, मिळत असेल तर जरूर विचारावे.

निरोध वापरणारी जोडपी पुष्कळ आहेत. साधन वाईट नाही, पण रोजच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या सुमारे तेरा जणींना तरी दिवस जातात. अज्ल केला तर सुमारे वीस जणींना. दिवस मोजण्याची पद्धत इथे अगदीच कुचकामी, कारण वजन उतरताना पाळीच जागेवर नसते. आणि जाहिरातीतली ती 'दुसऱ्या दिवशीची गोळी' वजन सत्तर किलोंच्या वर असेल तर कमी परिणाम करते. तशी वेळ आलीच तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा जास्त खात्रीचा उपाय.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने शेवटी विचारले आहे, "हे सगळं जायज आहे का?" आम्ही मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण कुरआन उतरत होते त्या काळात सहाबा अज्ल करत असत, ही हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये बाळंतपणात बाईच्या जिवाला असलेल्या भीतीचे कारण मान्य केले आहे. १९८८ साली कुवेतला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीतही, नवरा-बायकोच्या आपसातल्या मशवऱ्याने आणि नुकसान न होणाऱ्या साधनाने दोन मुलांत अंतर ठेवणे किंवा काही काळ थांबणे जायज मानले गेले. कायमची नसबंदी हा वेगळा मसला आहे, आणि तो इथे उद्भवतच नाही. इथे तर मूल हवे म्हणूनच थांबायचे आहे.

हे सारे बोलायची वेळ ऑपरेशनच्या आधीची. तेव्हा विचारले तर तांबी किंवा संप्रेरकाचे साधन ऑपरेशनच्या भुलेतच बसवून घेण्याची सोय काही ठिकाणी होऊ शकते. वजन फार असलेल्या बाईला जागेपणी तपासणीच त्रासाची होते, त्यातून ती सुटते. सर्जन मुंबईचा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ विरारची, असे आपल्याकडे सर्रास असते. दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. कागद तुम्हालाच इकडून तिकडे न्यावे लागतात, तेवढी एक फाइल करा.

मुदत संपली की साधन लगेच काढू नये. आधी हिमोग्लोबिन, बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, जे कमी असेल ते भरून काढावे, आणि मग काढावे. पुढे दिवस गेल्यावर साखरेच्या तपासणीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजचे गोड पाणी प्यायला देतात. बायपास झालेल्या बाईला त्या पाण्याने घाम, धडधड, चक्कर, जुलाब होऊ शकतात. ग्लास हातात घेण्यापूर्वी नर्सला ऑपरेशनचे नाव सांगावे. तपासणी दुसऱ्या पद्धतीनेही करता येते.