गुरांचे पंखवाले सोबती

पावसाच्या पहिल्या सरींनी गायरान हिरवे झाले, की गावची गुरे चरावयास बाहेर पडतात आणि त्यांच्यामागोमाग बगळ्यांचा मेळाही तेथे येऊन दाखल होतो. एखादा बगळा गाईच्या तोंडाशी उभा असतो, एखादा तिच्या मागच्या पायांशी घुटमळत असतो, तर एखादा म्हशीच्या पाठीवर बसून ऐटीत फिरत असतो. गाय शिंग उगारीत नाही आणि बगळाही भीत नाही. हे दृश्य इतके नित्याचे आहे, की त्याविषयी पाहणाऱ्याच्या मनात प्रश्नच उठत नाही. वस्तुतः या सोबतीत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

हा पक्षी म्हणजे गायबगळा. काही लोक त्याला ढोरबगळा असेही म्हणतात. त्याची चोच पिवळी असते आणि विणीच्या दिवसांत त्याच्या शुभ्र डोक्यावर, मानेवर व पाठीवर केशरी पिसे येतात. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेल्या ‘बुबुल्कस’ या लॅटिन नावाचा अर्थच मुळी ‘गुराखी’ असा आहे. गुरे चालू लागली, म्हणजे त्यांच्या खुरांच्या धक्क्याने गवतात दडलेले टोळ, नाकतोडे आणि किडे उडू लागतात. बगळा नेमका त्याच क्षणाची वाट पाहत असतो. गुरांसमवेत हिंडणाऱ्या बगळ्यास एकट्या हिंडणाऱ्या बगळ्यापेक्षा कमी पावले टाकून अधिक भक्ष्य मिळते, असे पक्षिशास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. शेतात नांगर किंवा ट्रॅक्टर चालू असला, तर तो त्याच्याही मागे जातो, तो याच कारणासाठी.

गुरांचा हा सोबती एकटा नाही. दुभंगलेल्या शेपटीचा काळाभोर कोतवाल गुराच्या पाठीवर बसतो, उडालेला किडा हवेतच टिपतो आणि पुन्हा आपल्या आसनावर येतो. साळुंक्या गुरांच्या पायांभोवती लगबगीने चालत असतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पिवळे धोबी शेपटी हलवीत त्यांच्यात सामील होतात. प्रत्येकाची शिकार करण्याची रीत वेगळी. पण गुरांच्या खुरांचे साहाय्य सर्वांनाच होते.

हे पक्षी गुरांच्या अंगावरील गोचिडी काढून त्यांची सेवा करतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. गायबगळ्याचे मुख्य अन्न टोळ व नाकतोडे हेच होय. गोचिडींचा वाटा त्यात अल्प असतो. आफ्रिकेत गुरांच्या व रानजनावरांच्या अंगावर राहणारा एक पक्षी तर गोचिडी खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. परंतु झिंबाब्वे देशात त्याला काही बैलांपासून मुद्दाम दूर ठेवून पाहिले, तेव्हा त्या बैलांच्या अंगावरील गोचिडी वाढल्या नाहीत. उलट, हा पक्षी जनावरांच्या जखमा टोचून रक्तही पितो, असे दिसून आले. हा शोध 2000 साली प्रसिद्ध झाला. तात्पर्य, पक्षी गुरांजवळ येतात ते उपकार करण्यासाठी नव्हे, तर आपले पोट भरण्यासाठी.

मग ही सोबत कमी मोलाची ठरते काय? मुळीच नाही. गायबगळ्यामुळे गाईच्या तोंडचा एकही घास कमी होत नाही आणि बगळ्याच्या पिलांचे मात्र पोट भरते. शिवाय टोळ कमी झाले, तर त्यात शेतकऱ्याचाही लाभ असतो. पण समजा, त्याचा काहीच लाभ झाला नाही, तरीही या पक्ष्यांना गायरानावर राहण्याचा अधिकार आहे. मनुष्याच्या उपयोगी पडेल तेवढेच जगावे, हा न्याय नव्हे.

आज हा अधिकार संकटात आहे. गायराने आक्रसत आहेत. शेतांत कीटकनाशके फवारली जातात. त्यांनी किडे मरतात आणि किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांचा आहार तुटतो. गायबगळे पावसाळ्यात गावातल्या किंवा शहरातल्या मोठ्या झाडांवर वसाहत करून घरटी बांधतात. झाडाखाली घाण होते, दुर्गंधी सुटते, म्हणून लोक संतापतात आणि घरटी असतानाच फांद्या तोडतात. लोकांचा त्रास खोटा नाही. पण विणीचा हंगाम काही महिन्यांचाच असतो. तेवढे दिवस झाडाखालचे दुकान थोडे बाजूस सरकविता येते, जागा धुता येते आणि पिले उडून गेल्यावर फांद्या छाटता येतात. उडता न येणारी पिले जमिनीवर पाडणे, हा यावरील उपाय असू शकत नाही.

या बाबतीत गिधाडांची कथा ध्यानी धरण्याजोगी आहे. तेही गुरांचेच सोबती. फक्त ते मेलेल्या गुरांपाशी येत आणि गावाची हवा शुद्ध राखीत. 1990 नंतरच्या काही वर्षांत भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी तर शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक नष्ट झाली. आजारी गुरांना वेदना कमी होण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यांच्या शवांतून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करी, हे 2004 साली उघडकीस आले. 2006 साली भारत सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. परंतु तोवर फार उशीर झाला होता. कोणीही गिधाडांचे वाईट चिंतिले नव्हते. गुरांना बरे करावे, एवढाच सर्वांचा हेतू होता. तरीही जे घडावयाचे ते घडले, कारण गुरांवर कोण कोण अवलंबून आहे, याचा विचार कोणी केला नव्हता.

गायरान हे केवळ गुरांचे नव्हे. गवत, टोळ, गाय आणि बगळा यांचा तेथे एकच संसार चालतो. त्यातील एकाविषयी निर्णय घेताना उरलेल्यांची आठवण ठेवणे, हे गुरे पाळणाऱ्या प्रत्येक गावाचे कर्तव्य होय. असे ज्या गावात घडेल, तेथे पावसाळा आला, की गुरांपाठोपाठ बगळेही आल्यावाचून राहणार नाहीत.