शोधप्रबंध शाळेच्या फळ्यावर

केंद्राची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० संशोधन नियतकालिके. लाभ सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. अमरावतीच्या राजापेठेतल्या शाळेत नववीला विज्ञान शिकवणारे सर किंवा मॅडम त्या यादीत नाहीत.

तरी दार पुरते बंद नाही. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, ‘कृषिकोश’वर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचेही. उदाहरण घ्या: पूर्णा खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचे पाणी दिले की जमीन चोपण का होते? सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, मातीतली छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. आम्ल, आम्लारी, क्षार शिकवताना याच मातीच्या तपासणीचे आकडे फळ्यावर आले, तर याच पट्ट्यातल्या दर्यापूरकडे ज्याच्या घरचे वावर आहे तो पोरगा आपणहून बोलू लागेल.

अडचण इंटरनेटपेक्षा भाषेची आणि वेळेची. प्रबंध बहुतेक इंग्रजीत, आणि शिक्षकांचा वेळ खातात ऑनलाइन माहितीचे रकाने (ते पुढे कोण वाचते, देव जाणे). संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने आपले ग्रंथालय विज्ञानशिक्षकांसाठी निदान शनिवारी खुले करावे. शाळांना राष्ट्रीय सदस्यतेत घेण्याची मागणीही आता शिक्षक आमदारांनी लावून धरावी.