जुगाड म्हणू नका

"काय जुगाड केलाय राव!"

घरामागच्या शेडमधला माझा बेल्ट ग्राइंडर बघून आजवर निदान दहा जणांनी हेच वाक्य टाकलंय. म्हणणाऱ्याला ते कौतुक वाटतं. माझ्या मात्र ते डोक्यात जातं. आज शनिवार आहे, हापिसचा व्हीपीएन बंद आहे, तेव्हा एकदाच काय ते नीट भांडून घेतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एमरीचा गोल शिवलेला पट्टा चाकांवरून पळतो आणि त्यावर लोखंड घासायचं. माझा पट्टा २ इंच रुंद आणि ७२ इंच घेराचा. मोटरवर एक चाक, पट्टा मध्यावर ठेवणारं दुसरं, आणि पुढच्या सपाट पाटीच्या वर-खाली दोन छोटी. मोटर २ हॉर्सपॉवरची, थ्री फेज, १४४० आरपीएम, भंगारातून आणलेली. घरात वीज सिंगल फेज, म्हणून मध्ये व्हीएफडी बसवला. नेमप्लेटवर २३० आणि ४१५ असे दोन्ही व्होल्टेज आहेत हे बघून मोटरची स्टार जोडणी काढून डेल्टा केली. मोटरवरचं चाक १५० मिलीमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्याला ४७१ मिलीमीटर पट्टा सरकतो. गुणिले १४४०. मिनिटाला साधारण ६७८ मीटर, सेकंदाला अकराच्या वर. रफ कामाला पूर्ण वेग, फिनिशिंगला निम्मा.

आता यात जुगाड कुठे आहे, मला सांगा. भंगारातली मोटर? ती मी उघडून, बेअरिंग बदलून, इन्सुलेशन तपासून घेतली. जुनी वस्तू वापरणं म्हणजे जुगाड असेल तर अर्धं नगर जुगाडच आहे. (२०२४ साली शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडून अजून नगरच निघतं. चालायचंच.)

खरी गंमत चाकांची. ट्रॅकिंगचं चाक वरवर सपाट दिसतं, पण मध्यावर ते किंचित फुगीर असतं, अर्धा मिलीमीटरभर. पट्टा नेहमी जास्त व्यासाकडे चढतो, म्हणून या फुगवट्यामुळे तो मध्यावर टिकतो. फुगवटा नसेल तर पट्टा दोन सेकंदात निसटून तुमच्या अंगावर. हे मी पुस्तकात वाचून ड्रॉइंग काढलं आणि एमआयडीसीतल्या एका टर्नरकडे गेलो. दहावीच्या पुढे शिकलेला नाही माणूस. त्याने ड्रॉइंग उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "साहेब, बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये मारू ना? नाहीतर थरथरंल." बरोबर! जॉब चकमधून काढून पुन्हा धरला की केंद्र हलतं, आणि सेकंदाला अकरा मीटर वेगात ती चूक हाताला झिणझिण्या आणते. मोटरचा शाफ्ट २४ मिलीमीटरचा. त्याने मोजून, घासून, पुन्हा मोजून असा बसवला की हाताने ढकलला तर जातो आणि हलवला तर हलत नाही.

या माणसाच्या कामाला तुम्ही जुगाड म्हणता? हेच काम कंपनीच्या बॅजवाल्या इंजिनिअरने केलं की त्याला 'आर अँड डी' म्हणायचं, आणि लेथवर बत्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाने केलं की जुगाड! विजापूरला ठेवलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली इथे, आमच्या नगरात ओतली गेली. पन्नास टनांच्या वर वजन. ती काय जुगाड करून ओतली? लूना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना दौंड रस्त्याला, तिथे काय तारेने बांधून गाड्या सोडत होते?

असो. ही झाली अर्धी तक्रार. उरलेली अर्धी जास्त गंभीर आहे.

'जुगाड' या शब्दाने कसब झाकलं जातं हे एक, आणि त्याच शब्दाच्या आड बेफिकिरी माफ होते हे दुसरं. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभे राहा. अँगल ग्राइंडरचं गार्ड काढून कोपऱ्यात फेकलेलं. पोरगं स्लिपर घालून, डोळे बारीक करून ठिणग्यांत बसलेलं. आणि घरी केलेले बेल्ट ग्राइंडर तर विचारूच नका. वॉशिंग मशीनची मोटर, प्लायवूडचं चाक, गार्ड नाही, अर्थिंग नाही, बंद करायचं बटण पट्ट्याच्या पलीकडे. वर आपण टाळ्या वाजवतो, बघा आपली भारतीय कल्पकता! २०१२ मध्ये 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तकच आलं, आणि मग हा शब्द मॅनेजर लोकांच्या स्लाइडवरही झळकायला लागला. त्याच स्लाइडवाल्यांना आपल्या कोडमधली एक ओळ रिव्ह्यूशिवाय गेलेली चालत नाही. सर्व्हर टेप लावून चालवला तर ते 'टेक्निकल डेट', आणि वेल्डरच्या पोराचा डोळा पणाला लावला तर 'इनोव्हेशन'. वा!

बोट कसं जातं तेही ऐका. जॉब टेकवायची पट्टी आणि पळता पट्टा यांत फट जास्त राहिली, की पातळ तुकडा खाली खेचला जातो आणि त्यामागे बोट. म्हणून ती फट दोन-तीन मिलीमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि पट्टा झिजला की पुन्हा लावायची. हातमोजे घालून तर या यंत्राजवळ जायचंच नाही, कारण मोजा अडकला की हात सोडवता येत नाही. ज्या डब्यात लोखंडाची धूळ साचते त्यात ॲल्युमिनियम घासायचं नाही. गंज आणि ॲल्युमिनियम यांची बारीक भुकटी एकत्र आली आणि वर ठिणगी पडली, तर ती आग पाण्याने विझत नाही. नाकावर रुमाल बांधल्याने फक्त समाधान मिळतं, बारीक धूळ आतच जाते.

"गरिबाला हे सगळं परवडत नाही" हा नेहमीचा युक्तिवाद. माझा गार्ड दोन मिलीमीटर पत्र्याच्या उरलेल्या तुकड्याचा आहे आणि बिजागरी जुन्या कपाटाची. डोळ्यांचा चष्मा दोन प्लेट मिसळीच्या पैशात येतो. परवडत नाही ते एमरीचे पट्टे, आणि ते तर सगळेच विकत घेतात! १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात कलम २१ मशीनच्या कुंपणाचं होतं आणि कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाचं. पण विजेवरच्या कारखान्याला तो कायदा लागायला निदान दहा कामगार लागत. मालक आणि दोन पोरं अशा दुकानात कायदा शिरायचाच नाही. तिथे उरते फक्त आपली नजर, आणि ती कौतुक करण्यात गुंतलेली.

निष्काळजीपणाची किंमत बोटावरच संपत नाही. माझ्याकडे ओळखीतून ऊसतोडीचे कोयते धारेला येतात. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, आणि तोडणीच्या धंद्यात 'एक कोयता' म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी, इतका तो त्यांच्या जगण्यात मुरलेला. मजुरी टनावर. लोहाराने धारेला दिलेलं पाणी साधारण ३०० अंशाला, म्हणजे कड निळी पडली की उतरायला लागतं. जोरात दाबून घासलं तर पातळ कडेला तेवढी उष्णता काही सेकंदांत येते. वरून कोयता चकाकतो, "झालं की मस्त!" म्हणून देता येतो. पण फडात दुपारपर्यंत धार वळते, आणि एका घावाच्या जागी दोन घाव घालावे लागतात. ते जास्तीचे घाव त्या बाईच्या खांद्यातून वसूल होतात, बिनपगारी. म्हणून उघड्या हाताने धरायचं, प्रत्येक फेरीनंतर बादलीत बुडवायचं, आणि बोटाला चटका जाणवला की थांबायचं. एका कोयत्याला वीस मिनिटं लागतात. लागू देत.

ड्रॉइंग हवं असेल त्याने खुशाल मागावं. चाकांची मापं, स्प्रिंगचा ताण, व्हीएफडीची सेटिंग, सगळं देतो. फक्त एकूण सात पानं आहेत, त्यातली दोन गार्डची, आणि ती वगळून उरलेली पाच मी कुणाला देत नाही. आजवर तिघांनी तशी मागून बघितली.